मोटारीचे सुकाणू आणि कुंडलचा माळ

कुंडल या गावाचे नाव निघाले म्हणजे महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसाला बहुधा दोन गोष्टी आठवतात. पहिली, १९४२ च्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात उभे राहिलेले प्रतिसरकार आणि त्यातील कुंडलचे जी. डी. बापू लाड. दुसरी, गावाजवळच्या डोंगरातील पार्श्वनाथाचे जैन तीर्थ. तिसरी एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्थानकाजवळचा एक ओसाड माळ. १९१० साली या माळावर निवडुंगावाचून दुसरे काही फारसे उगवत नव्हते. त्याच वर्षी तेथे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपला कारखाना आणून बसविला आणि पुढे त्या स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असे झाले.

या माळाचा आणि जुन्या मोटारगाडीच्या सुकाणूचा संबंध काय, असे कोणी विचारील. किर्लोस्करवाडीची कीर्ती मोटारींवर उभी राहिली नाही. ती नांगर, चरक आणि पंप यांवर उभी राहिली. पण परदेशात घडलेले एखादे यंत्र आपल्या गावात येते, वापरात झिजते, आणि ते घडविणारा हजारो मैलांवर असतो, तेव्हा त्याची दुरुस्ती करावयाची कोणी, हा प्रश्न मोटारीने उभा केला त्यापूर्वीच सायकलीने आणि नांगराने उभा केला होता. त्याचे एक फार चांगले उत्तर कुंडलच्या माळावर मिळाले. ते उत्तर समजले म्हणजे ज्याला आज छंद समजतात ते जुन्या मोटारी जिवंत ठेवण्याचे काम किती जबाबदारीचे आहे हेही समजते.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आल्यावर रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ साली बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ज्या रस्त्यावर हे दुकान होते तो पुढे किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जाऊ लागला. सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्तही करावी लागते, आणि दुरुस्त करावयाची तर ती खोलून पाहावी लागते. पुस्तकात जे रेषांनी दाखविलेले असते ते येथे हाताला लागते: कोणता भाग कोणत्या भागावर घासतो, कोठे तेल पोचत नाही, कोणता भाग प्रथम झिजतो. दुकानानंतर लेथ आला, कडबा कापण्याचे यंत्र आले आणि नंतर लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले चाळीस नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. कुंडल तेव्हा औंध संस्थानात मोडत होते.

आता सायकलीवरून मोटारीकडे जाऊ. सायकलीचे सुकाणू अत्यंत सरळ असते. हाताने दांडी जितकी वळवावी तितकेच पुढचे चाक वळते. मध्ये कोणतेही यंत्र नसते. आपल्या बैलगाडीला तर सुकाणूच नाही. कासरा ओढला की बैल वळतात व त्यांच्यामागून गाडी वळते. चार चाकांच्या गाडीत मात्र दोन अडचणी उत्पन्न होतात. वळणावर आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात. दोन्ही चाके सारख्याच कोनात वळविली तर त्यांपैकी एक चाक फरफटत जाते. ही अडचण म्युनिकचे गाडीकार गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यांनी १८१७ च्या सुमारास सोडविली, आणि १८१८ साली रुडॉल्फ आकरमान यांनी त्या युक्तीचे पेटंट लंडनमध्ये घेतले. युक्ती लांकेनस्पेर्गरची; पण जगात आजही ती आकरमानच्याच नावाने चालते.

दुसरी अडचण बळाची. मोटारीचे वजन पुढच्या चाकांवर पडते आणि दगडधोंड्यांवरून जाताना त्या चाकांना बसणारे हिसके उलट हातापर्यंत पोचतात. आरंभीच्या मोटारींना नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. वेग वाढू लागला तसा तो दांडा धोक्याचा ठरला. १८९४ च्या पॅरिस-रुआँ शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरॉन यांनी आपल्या पानार गाडीला दांड्याच्या जागी चक्र बसविले. परंतु नुसते चक्र पुरेसे नव्हते. हाताचे थोडे बळ अनेक पटींनी वाढवून चाकांना द्यावयाचे आणि चाकांचे हिसके हाताशी येईपर्यंत मंद करावयाचे, असे दुहेरी काम करणारा कोणी मध्यस्थ हवा होता. तो मध्यस्थ म्हणजे स्टिअरिंगची पेटी. आपल्या गॅरेजमध्ये तिला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ही पेटी नव्हती. चक्राच्या खालीच लहान दातेरी चक्रांचा एक संच बसविलेला होता आणि तो सुमारे चारपट बळ देत असे. पुढे बहुतेक गाड्यांत मळसूत्राची योजना आली. चक्राच्या दांड्याच्या टोकाशी एक जाड मळसूत्र, त्याला कारागीर वर्म म्हणतात. त्याच्या आट्यांत अडकलेला दातेरी चक्राचा एक तुकडा, त्याला सेक्टर म्हणतात. सेक्टर ज्या दांड्यावर बसविलेला असतो त्याच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म, आणि तेथून दांड्यांच्या साखळीने हालचाल चाकांपर्यंत जाते. चक्र चौदा अंश फिरविले तर आर्म एक अंश फिरेल अशी योजना असली, तर घर्षणात जाणारा भाग वगळता बळ चौदापट होते. नांगराच्या रुमण्यावर हात ठेवणाऱ्याला बळ आणि अंतर यांची ही देवघेव निराळी समजावून सांगावी लागत नाही.

या देवघेवीची दुसरी बाजू मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बळ जसे चौदापट होते तशीच ढिलाईही चौदापट होते. आर्मच्या टोकाशी एका अंशाची झीज झाली की चक्राशी चौदा अंशांची मोकळी फिरत उत्पन्न होते. सतरा इंच व्यासाच्या चक्राच्या कडेवर हे अंतर सुमारे दोन इंच भरते. म्हणजे हाकणारा हात दोन इंच फिरवितो आणि गाडीला त्याची खबरही नसते. घाटातील वळणावर समोरून गाडी आली असताना त्या दोन इंचांची किंमत काय, हे सांगावयास नको.

झीज होते कोठे, हा या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. मोटार आपल्या आयुष्यातील बहुतेक काळ सरळ चालते. तीव्र वळण ती क्वचित घेते. त्यामुळे मळसूत्राचे मधले आटे आणि सेक्टरचे मधले दातेच झिजतात; दोन्ही टोके नव्यासारखी राहतात. आता अननुभवी कारागीर काय करतो? मधली ढिलाई जाईपर्यंत तो स्क्रू आवळतो. सरळ रस्त्यावर गाडी सुरेख चालू लागते आणि मालक संतुष्ट होऊन पैसे देतो. पण पहिल्याच मोठ्या वळणावर न झिजलेले दाते त्या आवळलेल्या जागेत येतात व चक्र अडकते. वळलेली गाडी आपोआप सरळ व्हावयाची, तीही होत नाही. ढिल्या सुकाणूपेक्षा अडकलेले सुकाणू अधिक भयंकर. आवळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. झीज कोठे आहे हे जाणून मग किती आवळावे हे ठरविणे, याला दुरुस्ती म्हणतात.

चांगल्या कारखानदारांनी ही झीज आधीच हिशेबात धरली होती. दुसऱ्या महायुद्धातील जीप गाडी आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या अनेक जीपगाड्या हिंदुस्थानात विकल्या गेल्या, आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपमध्ये रॉस पद्धतीची पेटी होती. तिच्यात सेक्टरच्या जागी दोन खुंट्या असलेला एक लिव्हर असतो आणि त्या खुंट्या मळसूत्री खाचेतून सरकतात. ही खाच मध्यभागी मुद्दाम उथळ कापलेली असे. त्यामुळे मधे झीज झाली तरी ती आवळून काढता येई आणि टोकाशी खाच खोल असल्यामुळे चक्र अडकत नसे. ज्याने ही खाच आखली त्याने ती झिजणार हे आधीच मान्य केले होते. यंत्र घडविताना त्याच्या म्हातारपणाचा विचार करणे, याहून अधिक शहाणपणाची गोष्ट यंत्रविद्येत क्वचितच सापडेल.

येथे पुन्हा कुंडलच्या माळाकडे वळले पाहिजे. नांगराचा फाळ हाही झिजण्यासाठीच असतो. तो बदलता आला पाहिजे, नवा फाळ जुन्या नांगराला तंतोतंत बसला पाहिजे, आणि तो हंगामाच्या दिवसांत जवळच मिळाला पाहिजे. परदेशी नांगराचा फाळ तुटला तर शेतकऱ्याने आगबोटीची वाट पाहावयाची काय? १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा प्रश्न केवळ तर्काचा राहिला नाही. परदेशी माल येईनासा झाला. किर्लोस्करवाडीच्या मालाला मागणी वाढली, पण त्याच वेळी लोखंड आणि कोळसा यांचीही टंचाई झाली. त्या टंचाईतून कारखाना तरला, आणि १९२० साली त्याची किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्यानंतर पंप आले. आणि १९४१ साली हरिहर येथे लेथ व इतर हत्यारी यंत्रे घडविणारा म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला. सायकल खोलून पाहणाऱ्या दुकानापासून, दुसऱ्यांना यंत्रे घडविता यावीत यासाठी यंत्रे घडविणाऱ्या कारखान्यापर्यंतचा हा प्रवास त्रेपन्न वर्षांचा आहे. लेथ या साखळीत शेवटी यावा यात मोठा अर्थ आहे. मळसूत्र कापावयाचे ते लेथवर, झिजलेल्या दांड्याचा नवा बुश करावयाचा तो लेथवर. ज्या गावात लेथ आणि तो चालविणारा हात आहे, त्या गावातील यंत्र परक्याच्या मर्जीवर जगत नाही.

मोटारींच्या बाबतीत हे परावलंबन फार काळ टिकले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, पण तेथे खोक्यांतून आलेले भाग जोडले जात. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, तेव्हाही सुरुवात जुळणीपासूनच करावी लागली. मधल्या काळात या देशातील मोटारी चालत्या ठेवल्या त्या लहान गॅरेजमधील मिस्त्रींनी. कुंडलपासून दूर नसलेल्या कोल्हापुरात याच काळात दुरुस्तीच्या दुकानांतून आणि ओतशाळांतून कारागिरांची एक परंपरा वाढली. तेथील उद्यमनगर ही तिचीच वाढ होय. सांगलीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले व पुढे त्याला वालचंदांचे नाव मिळाले. कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील यंत्रविद्येला शाळा मिळाली ती अशी उशिरा. हात आधीच तयार झाले होते.

आज त्या काळातील मोटारी थोड्याच उरल्या आहेत. कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅख मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात अनेकांनी पाहिली असेल. कोठे एखाद्या वाड्याच्या पागेत फोर्ड उभी असते, कोठे शेतावरची जुनी जीप अजून काम करते. अशा गाडीची पेटी नव्याने बांधावयाची झाल्यास जाणता कारागीर प्रथम पेटीला हात लावीत नाही. तो चाके उचलून किंगपिन पाहतो, टाय रॉडचे सांधे पाहतो, चाकांचे बेअरिंग पाहतो; कारण पेटीवर येणारा आळ पुष्कळदा या इतरांचा असतो. मग तो ड्रॉप आर्मपाशी साखळी सोडवितो, म्हणजे पेटीचा दोष एकटा दिसतो. प्रथम मळसूत्राची लांबीच्या दिशेने होणारी हालचाल तो पातळ शिम काढून किंवा घालून दूर करतो, आणि त्यानंतरच मळसूत्र व सेक्टर यांतील मोकळीक, तीही चाके सरळ असताना, बेताने कमी करतो. हा क्रम उलटला तर सारेच हिशेब चुकतात.

पेटी उघडल्यावर आत बहुधा एकच दृश्य दिसते. जुन्या पेटीतून तेल गळते म्हणून कोणीतरी तिच्यात घट्ट ग्रीस ठासलेले असते. ग्रीस गळत नाही हे खरे. परंतु ते एकदा आट्यांवरून बाजूला सारले गेले की परत येत नाही, आणि ग्रीसने भरलेल्या पेटीत मळसूत्र कोरडेच घासत राहते. उपाय ग्रीसचा नाही, गळती थांबविण्याचा आहे. जुन्या काळी तेथे बुचाची किंवा नमद्याची चकती असे. आता तिच्या जागी रबरी ऑइल सील बसविता येते, त्यासाठी घर थोडे कातावे लागते इतकेच. सेक्टरच्या दांड्याचे पितळी बुश नवे करून रीमरने मापावर आणले जातात. दांडा झिजला असल्यास त्यावर कठीण क्रोम चढवून तो घासून घेतात. मळसूत्रावर खड्डे पडले असतील किंवा कठीण केलेला थर निघाला असेल, तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक भागाला बारीक तडा आहे काय हे रंगद्रव्याने किंवा चुंबकाने तपासले जाते. आणि एक गोष्ट जाणता कारागीर कदापि करीत नाही: तुटलेला सेक्टर किंवा आर्म तो वेल्डिंगने जोडीत नाही. तो जोड बाहेरून शाबूत दिसला तरी तापलेल्या पोलादाचे पाणी उतरलेले असते, आणि तो सुटेल तेव्हा सुधारण्याची संधी मिळणार नाही.

दुरुस्तीपुढचा प्रश्न सुधारणेचा. घर्षण कमी करण्याचा इतिहास पेटीतच पाहावयास मिळतो. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत आरंभी सात दात्यांचा सेक्टर होता. १९२९ मध्ये त्याच्या जागी दोन दात्यांची निराळी पेटी आली. १९३७ च्या फोर्ड गाड्यांत सेक्टरच्या दात्याऐवजी फिरता रोलर आला, म्हणजे घासण्याच्या ठिकाणी लोळण आली. १९४० च्या कॅडिलॅकमध्ये जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाने मळसूत्र आणि नट यांमध्ये पोलादी गोळ्यांची माळ फिरती ठेवली, आणि तीच पद्धत पुढे अवजड गाड्यांत रूढ झाली. त्यामुळे जुनी गाडी रोज रस्त्यावर नेऊ इच्छिणारे मालक पुष्कळदा जुनी पेटी काढून रोलरची पेटी बसवितात. यावर रसिकांत वाद आहे. एक पक्ष म्हणतो, मूळचा भाग गेला की गाडी गेली. दुसरा म्हणतो, जी चालविता येत नाही ती मोटार नव्हे, ते शिल्प होय.

कुंडलच्या इतिहासाकडे पाहिले तर या वादातून एक मध्यम मार्ग दिसतो. चांगला दुरुस्त करणारा मूळ कर्त्याचा आदर करतो, पण त्याचा गुलाम होत नाही. त्याच्या हातून झालेला बदल पुन्हा उलटविता यावा. गाडीच्या चौकटीला नवी भोके पडू नयेत. काढलेला मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. मात्र जेथे माणसाच्या जिवाचा संबंध येतो, तेथे जुनेपणाच्या प्रेमाने झिजलेला दाता वापरात ठेवू नये. लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी दोन वर्षे थांबला. पण ज्या दिवशी त्याने नांगर उचलून पाहिला, जमिनीत धरून पाहिला, त्या दिवशी त्याचा निर्णय हाताने झाला, वादाने नव्हे.

या सर्वांत खरे संकट गाड्या संपण्याचे नाही, तो हात संपण्याचे आहे. नव्या मोटारीत पेटी बिघडली तर ती काढून दुसरी बसवितात. आत काय आहे हे पाहण्याची कोणाला गरज पडत नाही. अशा रीतीने काम लवकर होते हे मान्य केले पाहिजे. परंतु जो कधी उघडून पाहत नाही तो कधी घडवूही शकत नाही. जुन्या मोटारीची पेटी उघडून बसलेल्या वृद्ध मिस्त्रीजवळ एखादा मुलगा दिवा धरून उभा असेल, आणि मधले आटे का झिजतात हे त्याला समजत असेल, तर ती मोटार पुन्हा रस्त्यावर येवो वा न येवो, तेथे एक शाळा चालू आहे असे समजावे. बेळगावच्या सायकलीच्या दुकानात अशीच एक शाळा १८८८ साली सुरू झाली होती. तिचे फळ कुंडलच्या माळावर आले. त्या माळावरचा कारखाना शतकाहून अधिक काळ लोटला तरी पंप घडवीत आहे.